गव्हाणीत मोळी पडायला आली, आर्किटेक्चर कसलं करताय?

हळदगल्ली
सांगलीतल्या दोन-तीन जणांच्या टीमनं आधी डिझाइन, मग कोड ही शिस्त पाळायची म्हणजे चोचले. साखर कारखान्याचं ऊसबिलाचं सॉफ्टवेअर मोळी पडायच्या, म्हणजे गाळप हंगाम सुरू व्हायच्या आत चालू व्हावं लागतं. वजनकाटा, ऊसनोंद, बिल, एवढ्या तीन स्क्रीन. चालू करा, पुढचं पुढं बघू.

वारणाकाठ
'पुढचं' म्हणजे 14 दिवस. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस आल्यापासून तेवढ्यात शेतकऱ्याला पैसे द्यायचे, नाहीतर 15 टक्के व्याज. एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, 2024-25 ला क्विंटलला 340 रुपये होता, 2025-26 ला 355. दर कोडात ठिकठिकाणी लिहिला असेल तर बदलताना एखादी जागा राहतेच. सगळ्या बदलल्या तर जुनं बिल पुन्हा छापताना नव्या दरानं निघतं. हंगाम, लागू तारीख, दर असं वेगळं टेबल करायचं. तासाभराचं काम, याला चोचले म्हणायचं?

हळदगल्ली
टेबल कबूल. पण मग मायक्रोसर्व्हिस आल्या, म्हणजे एकाचे दहा छोटे प्रोग्राम, त्यांच्यात निरोप पोचवायला क्यू आल्या. सांभाळणार कोण?

वारणाकाठ
त्या कुणी मागितल्या? प्रोग्राम एक, डेटाबेस एक. फक्त काट्याच्या कोडनं बिलाच्या टेबलाला हात लावायचा नाही. काट्याचा इंडिकेटर, म्हणजे वजन दाखवणारा डबा, सिरियल पोर्टच्या वायरीतून कॉम्प्युटरला सतत आकडे ओततो. ट्रॉली डुलत असताना घेतलेला आकडा चुकीचा. सलग पाच सारखे आले की मगच वजन धरायचं. ही अक्कल काट्याच्या मॉड्यूलमध्येच राहू द्या, म्हणजे उद्या इंडिकेटर बदलला तरी बिल उघडावं लागणार नाही.

चिटबॉय
काट्यावरचं नेट गेलं की पावती तिथल्याच मशीनवर साठवावी लागते, नेट आल्यावर परत पाठवावी लागते. मग तीच पावती दोनदा चढते. हंगाम, काटा क्रमांक, पावती क्रमांक यांवर डेटाबेसातच युनिक की लावा, म्हणजे तीच नोंद दुसऱ्यांदा घेतलीच जाणार नाही. स्क्रीनवरची तपासणी पुरत नाही. दोन विनंत्या एकदम आल्या तर दोघींनाही 'पावती नाही' असंच दिसतं.
आणि वजन किलोत, रक्कम पैशांत, दोन्ही पूर्णांक. फ्लोटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या दशांश आकड्यांत, 0.1 अधिक 0.2 नेमके 0.3 होत नाहीत. 17,345 किलो गुणिले 355 पैसे, 61,574 रुपये 75 पैसे. विषय संपला.

वारणाकाठ
संपला नाही. 355 हा दर 10.25 टक्के उताऱ्याचा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्क्याचा. वरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये जादा, म्हणजे 10.35 ला 358.46. किलोमागे पैशाचाही अपूर्णांक आला. दर शंभरपट करून 35846 ठेवा, भागाकार शेवटी एकदाच. रक्कम पूर्ण रुपयात पावतीगणिक करायची की बिलाच्या बेरजेवर, हे आधीच लेखाविभागाकडून लिहून घ्या. पावतीगणिक केली तर 40 पावत्यांत 20 रुपयांपर्यंत फरक पडू शकतो. शेतकरी मोबाइलवर हिशेब करूनच येतो!

हळदगल्ली
बरं. पण टेस्ट लिहीत बसणार नाही.

चिटबॉय
गेल्या हंगामाची बिलं नव्या कोडमधून चालवा. पैशापर्यंत जुळली पाहिजेत.

हळदगल्ली
तेवढं करू. स्क्रीनच्या टेस्ट मात्र नाहीत.

वारणाकाठ
स्क्रीनच्या मागतंय कोण?