नवा सायकल कॉम्प्युटर: वेग मध्येच शून्य, अंतरही कमी

प्रश्न (लातूर): वायरवाला कॉम्प्युटर बसवलाय. घड्याळ चालतं, पण वेग मध्येच शून्यावर येतो. औसा रोडला दगडांप्रमाणे १० किमी झाले की पडद्यावर ९.४५ दिसतात. टायर ७०० x ३५. परत करू का?

उत्तर १: परत कशाला? स्पोकवरचं चुंबक बघा. फोर्कवर (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) बांधलेल्या सेन्सरवर रेघ किंवा खूण असते, चुंबक बरोबर तिच्यासमोरून गेलं पाहिजे. दोघांमधली फट २-३ मिमी. जास्त झाली की फेरे मोजायचे राहतात. झिप टाय (सेन्सर बांधायची प्लास्टिकची पट्टी) ढिला असला की खड्ड्यात सेन्सर फोर्कभोवती सरकतो, आणि खड्ड्यांचा आपल्याकडं काय तोटा! टायखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घाला, मग घट्ट ओढा.

उत्तर २: अंतराचं दुखणं वेगळं. सेटिंगमध्ये चाकाचा घेर २०५० मिमी राहिला असणार, तो २६ x १.९५ टायरचा. तुम्ही २१६८ टाका. त्याहून नेमकं हवं तर हवा नीट भरा, व्हॉल्व्ह खाली आणून फरशीवर खडूची खूण करा, सीटवर बसून चाक सरळ एक फेरा पुढं न्या, पुन्हा खूण. मधलं अंतर मिमीत मोजून तेच भरा.

प्रश्नकर्ता: फट ७ मिमी निघाली! ती कमी करूनही शून्य आलं तर?

उत्तर १: कॉम्प्युटर ब्रॅकेटमधून काढा, मागचे दोन धातूचे ठिपके स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं भराभर जोडा-सोडा. आकडा उमटला तर कॉम्प्युटर ठणठणीत; दोष वायर, सेन्सर नाहीतर ब्रॅकेटात. ब्रॅकेटचे ठिपके आधी पुसा, धूळ लई बसते. हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून वायर ताणत नाही ना, तेही बघा.