मदत हवी आहे: चुनखडीच्या कोअरवर ॲसिड चाचणी, नाशिक

नमस्कार मंडळी. मुंबई हायसारख्या चुनखडीतल्या तेलसाठ्यात ॲसिड कशी वाट काढतं, हे दीड इंच व्यासाच्या, सहा इंच लांब कोअरमधून (खडकाच्या दंडगोल नमुन्यातून) १५% हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडून तपासायचंय. इथला काळा बेसाल्ट यासाठी निरुपयोगी, चुनखडीतलं मुख्य खनिज कॅल्साइटच हवं. लिटरभर ॲसिड साधारण २२० ग्रॅम कॅल्साइट विरघळवतं. ॲसिड सोडण्याचा वेग फार कमी ठेवला तर कोअरचं तोंडच झिजतं, फार वाढवला तर ॲसिडच्या वाटेला फांद्या फुटून ॲसिड वाया जातं. कार्बन डायऑक्साइड द्रावणातच राहावा म्हणून बॅकप्रेशर, म्हणजे बाहेर पडण्याच्या टोकाला राखलेला दाब, १००० पीएसआयच्या वर लागतं.

खरी अडचण कोअर होल्डरची, म्हणजे कोअर दाबाखाली धरून ठेवणाऱ्या नळकांड्याची. ३१६ स्टेनलेस या ॲसिडात टिकत नाही. सातपूर किंवा अंबडमध्ये हॅस्टेलॉयचं (ॲसिडात टिकणाऱ्या निकेलच्या मिश्रधातूचं) अचूक मशीनिंग कोण करतं? आणि मोठ्या पोकळ्या नसलेला, एकजिनसी चुनखडीचा ठोकळा कुठे मिळेल?