दुखत नाही, हीच तर धोक्याची खूण

"डोळा लाल आहे पण दुखत नाही, मग घाई कशाला" हे या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, ते अजिबात पटलं नाही. तासगावच्या माझ्या मामांना कपाळावर नागीण उठली होती. ती बरी झाली, पण दोनेक महिन्यांनी डोळा लाल आणि नजर धुरकट. दुखणं शून्य. बागेत फवारताना काही उडालं असेल म्हणून तेही निवांत! मिरजेत डॉक्टरांनी कापसाची बारीक वात बुबुळाला टेकवली, तर मामांची पापणी हलली नाही. बुबुळाला संवेदना देणारी नस नागिणीत गेली होती. त्याच नसेवर तिथल्या पेशींचं पोषणही चालतं, त्यामुळे बुबुळावर पडलेली जखम भरतच नव्हती.

या दुखण्यावरच्या सेनेगरमिन या औषधाच्या थेंबांचंही चर्चेत आलंय (अमेरिकेत २०१८ ची मान्यता, दिवसातून सहा वेळा, आठ आठवडे), पण त्याचा खर्च ऐकूनच माणूस गार पडतो. मामांचं त्याविना भागलं. आधी प्रिझर्व्हेटिव्ह (औषध टिकवणारं रसायन) नसलेले थेंब, मग त्यांच्याच रक्तातल्या सीरमचे (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या पाण्याचे) थेंब, तरी जखम हटेना म्हणून डोळा झाकलेला राहावा यासाठी पापण्या कडेने अर्धवट शिवल्या. मामी म्हणाल्या, "हे काय ध्यान करून ठेवलंय!" पण जखम भरली ती टाके घातल्यावरच.