मदत हवी आहे: प्रिफर, वुड रादर, फील लाइक यांतलं कुठे काय?

इंग्रजी मेलमध्ये 'मला हे जास्त बरं वाटेल' असं लिहायचं असतं तेव्हा अडतं. 'लाइक' आणि 'वुड लाइक' यांतला फरक कळतो, ते सोडा.

'आय प्रिफर वॉकिंग टू ड्रायव्हिंग' इथे टू, पण 'आय वुड रादर वॉक दॅन ड्राइव्ह' इथे दॅन. असं का? आणि 'आय वुड रादर यू केम टुमॉरो' हे तर कहरच. बोलणं उद्याचं, क्रियापद भूतकाळी!

उत्तर १
प्रिफर लॅटिनमधून आलं, मूळ अर्थ 'पुढे ठेवणे'. एक गोष्ट दुसरीच्या पुढे ठेवायची, म्हणून टू. सीनियर, सुपीरियर हेही लॅटिनचेच, त्यांनाही टूच लागतो. रादर मात्र जुन्या इंग्रजीतलं तुलनेचं रूप आहे, अर्थ होता 'अधिक लवकर'. तुलना आली की दॅन आलाच. वुडमुळे पुढचं क्रियापद कॅन, मस्टनंतर येतं तसं नुसतं, टूशिवाय.

केमचं म्हणाल तर आपणही 'उद्या आलात तर बरं होईल' म्हणतोच की! 'आलात' भूतकाळी, येणं उद्याचं. अजून न घडलेल्या, मनातल्या गोष्टीला दोन्ही भाषा भूतकाळाचं रूप देतात. मात्र हे कर्ता बदलला तरच. स्वतःबद्दल बोलताना 'आय वुड रादर कम टुमॉरो'.

उत्तर २
वरचं पटलं, पण मेलमध्ये सूरही बघा. 'आय वुड रादर यू डिडन्ट' हा सभ्य शब्दांतला चक्क नकार आहे, वरिष्ठांना जपून. 'आय वुड प्रिफर इट इफ यू केम टुमॉरो' जरा मऊ. मत नुसतं एका बाजूला झुकतंय असं सांगायचं तर 'आय ॲम इनक्लाइन्ड टू अग्री', हे मला फार सोयीचं वाटतं. फील लाइक म्हणजे त्या क्षणाची लहर, पुढे आयएनजी: 'आय फील लाइक वॉकिंग'. मित्रांत ठीक, कामाच्या मेलमध्ये नको. आणि टेंड टू आवड सांगत नाही, सवय सांगतं. बरेच जण तिथे गल्लत करतात.

धागाकर्ता
आलात-केम भारी! एकच राहिलं: वुड प्रिफरनंतर वॉकिंग की टू वॉक?

उत्तर १
टू वॉक. नुसत्या प्रिफरला दोन्ही चालतात, नेहमीची आवड सांगताना वॉकिंग जास्त ऐकू येतं. तुलना करायची तर 'प्रिफर टू वॉक रादर दॅन ड्राइव्ह', कारण तिथे टूवर टू चढवता येत नाही. आणि 'आय ॲम प्रिफरिंग' तेवढं टाळा.