बुसानमध्ये एकच दिवस आणि तोही पावसाचा, काय काय जमेल?

दांडियाबाजार_वाली:
नमस्कार मंडळी, जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं कोरियाला चाललोय, बाकी मुक्काम सगळा सोलला आणि मध्ये एक दिवस बुसान, म्हणजे सकाळी केटीएक्सने (त्यांची वेगवान रेल्वे) जायचं, रात्री तिथेच समुद्रकिनाऱ्यावरच्या हेउन्देला राहायचं आणि दुसऱ्या दिवशी परत. तेव्हा तिकडे पावसाळा असतो हे माहितीये, जून अखेर ते जुलै अखेर, पण नवऱ्याला सुट्टी तेव्हाच मिळते त्याला काय करणार. त्याने लिस्ट केलीये ती अशी: समुद्रावरचं योंगगुंगसा देऊळ, गामचनची रंगीत घरं, स्काय कॅप्सूल, जागाल्ची मासळीबाजार, शंभराव्या मजल्यावरून समुद्र, आणि रात्री ग्वांगाल्लीचा पूल. मी म्हटलं एवढं तर उन्हातही होणार नाही. तो म्हणतो होतं, रेनकोट घालून होतं. पाऊस आपल्याला नवा नाही हो, आपल्या वडोदऱ्याची विश्वामित्री नदी दर वर्षी जीव टांगणीला लावतेच, पण इतक्या लांब जाऊन हॉटेलच्या खिडकीतून पाऊस बघायचा नाहीये. कोणी गेलंय का पावसात? अजून एक, मी व्हेज (अंडं चालतं), तो सगळं खातो.

कारेलीबाग_कट्टा:
ताई, तुमचं बरोबर, लिस्ट आधी अर्धी करा. बुसान नकाशावर आटोपशीर वाटतं पण ३३ लाखांच्या आसपास वस्तीचं शहर आहे आणि डोंगर नि समुद्राच्या मधे चिंचोळं पसरलंय, त्यामुळे एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाण्यातच दिवस जातो. पूर्वेला हेउन्दे, योंगगुंगसा, कॅप्सूल. पश्चिमेला जागाल्ची, नाम्पो, गामचन. हेउन्देहून २ नंबरची हिरवी मेट्रो, मग सोम्यॉनला उतरून १ नंबरच्या नारिंगी लाइनला बदलायचं, पाऊण तास कुठेच नाही गेला. पावसात ओल्या बुटांनी हे दोनदा केलंत की संध्याकाळी भांडण नक्की, आमचं झालं होतं म्हणून सांगतोय.

तर एक बाजू धरा. हॉटेल हेउन्देला आहे तर पूर्वेचीच धरा. सामान टाका आणि पाऊस बारीक असेल तेवढ्यात आधी योंगगुंगसा उरका, टॅक्सीने जा, बसही जाते पण पावसात स्टॉपवर कशाला उभं राहायचं. हे देऊळ पावसात उलट जास्त छान वाटतं असं माझं मत, खडकांवर बांधलेलं, खाली लाटा आपटतायत, वर धुकं, आणि गर्दी पण कमी. १३७६ साली नाओंग नावाच्या भिक्खूने स्थापन केलं, नंतर जपान्यांच्या स्वारीत गेलं आणि आत्ताचं बांधकाम १९३० च्या दशकापासूनचं. आख्यायिका अशी की देशात दुष्काळ पडला होता, तेव्हा समुद्राच्या ड्रॅगन देवाने नाओंगच्या स्वप्नात येऊन इथे देऊळ बांध म्हणून सांगितलं. म्हणजे पावसासाठी बांधलेल्या देवळात पावसात जायचं, अजून काय पाहिजे. फक्त १०८ पायऱ्या उतरून जायचंय आणि ओला दगड, गुळगुळीत तळाच्या चपला अजिबात नको.

शंभरावा मजला काढून टाका. ती हेउन्देची एलसीटी बिल्डिंग, ४११ मीटर, कोरियातली दोन नंबरची उंच, पण जुलैच्या ढगात वर जाऊन तुम्हाला पांढरी काच दिसणार. पैसे देऊन पांढरी काच.

कॅप्सूल मिपोहून चंगसापोपर्यंत जाते, साधारण २ किलोमीटर, छोटे रंगीत डबे आहेत आणि दोघांना पूर्ण डबा मिळतो म्हणून जोडप्यांची झुंबड असते, तिकीट आधी काढावं लागतं. वारा जोराचा असला तर बंद ठेवतात. पण त्याच्याच खाली जुन्या रेल्वेच्या रुळांवर बीच ट्रेन आहे, मिपो ते सोंगजंग ४.८ किलोमीटर, सगळ्या सीट समुद्राकडे तोंड करून. पाऊस असेल तर मी ट्रेनच म्हणेन, काचेवरून पाणी ओघळतंय, पलीकडे समुद्र राखाडी, बायको गप्प बसून बघतेय, हे फार दुर्मीळ दृश्य आहे (तिसरं, समुद्र नाही).

थेपला_एक्स्प्रेस:
खाण्याचं मी सांगते कारण मी पण व्हेज आणि नवरा समोर आलेलं सगळं खाणारा.

बुसान म्हणजे मासे आणि डुक्कर, हे डोक्यात ठेवूनच जा. त्यांचं फेमस द्वेजी गुकबाप म्हणजे डुकराच्या हाडांच्या रश्शात भात, तो नवऱ्याला द्या. रस्त्यावर काठीला लावलेलं इओमुक दिसेल, घडी घातलेल्या पापडासारखं, तो पण मासाच. किमचीत बहुतेक वेळा माशाचं किंवा कोळंबीचं खारवलेलं काहीतरी असतं आणि साध्या दिसणाऱ्या सूपचं पाणी सुकटीचं, त्यामुळे "नो मीट" म्हणून भागत नाही, मासा पण नको हे वेगळं सांगावं लागतं. कोरियनमध्ये लिहिलेली चिठ्ठी फोनमध्ये ठेवा.

मग खायचं काय तर बिबिमबाप, मटण-बिटण काढून आणि वर अंडं. आणि पावसात तिकडचे लोक जे खातात तेच खा, जॉन, म्हणजे तव्यावरचं जाडसर धिरडं, कांद्याच्या पातीचं नाहीतर बुचूचं (लसणीच्या वासाची पात). पाऊस सुरू झाला की सगळा कोरिया जॉन खायला बसतो, तेलात पडल्याचा आवाज पावसासारखा येतो म्हणून असं ते सांगतात. आपल्याकडे पहिली सर आली की सेव उसळीच्या गाड्यावर जशी रांग लागते ना अगदी तसंच. फक्त बुसानच्या दोंगने पाजॉनमध्ये (पातीच्या जॉनमध्ये) शिंपले-कोळंबी घालतात, तेव्हा विचारून घ्या. सोबत ते तांदळाची पांढरी माकगॉली पितात, आपण ड्राय स्टेटवाले, मी काहीच बोलत नाही 😄

नाम्पोला गेलात तर बिफ चौकात (फिल्म फेस्टिव्हलच्या नावाचा, गोमांस नव्हे) स्सीआत होत्तोक नक्की, तळलेली गोड पोळी मधून कापून आत सूर्यफूल-भोपळ्याच्या बिया आणि गूळसाखर भरतात, पेपर कपात देतात, पावसात उभं राहून खायची चीज आहे. आणि देवळांचं जेवण मिळालं तर सोडू नका, बौद्ध मठांच्या रांधण्यात कांदा-लसूण चालत नाही, आमच्या जैन शेजारणीला सांगितलं तर ती म्हणे मग मला पण घेऊन चल.

नवापुरा_नाईट्स:
मी थोडा वेगळा बोलतो. सगळे पूर्व पूर्व करतात पण केटीएक्स बुसान स्टेशनला येते आणि तिथून नाम्पो दोन स्टेशनं, जागाल्ची तीन. स्टेशनवर लॉकर आहेत, सामान ठेवा, सकाळी जागाल्ची करा, छत्रीची गरज नाही, मोठ्या इमारतीत खाली जिवंत मासळी आणि वर बसून खायचं. विकणाऱ्या बहुतेक मावश्या, आवाज आपल्या खंडेराव मार्केटच्या भाजीवाल्यांना मागे टाकेल असा. ताईंना वास सहन होत असेल तरच म्हणा. मग जेवून हिरवी लाइन पकडून हेउन्दे. जाणं एकदाच, परत येणं नाही. दुसऱ्या दिवशी स्टेशनलाच यायचंय ना.

गामचन मात्र पावसात नको हे मान्य. कोरियन युद्धात पळून आलेल्या लोकांनी डोंगरावर घरावर घर चढवत वस्ती केली, २००९ पासून तिथे रंग आणि कलाकृती आल्या, फोटो झकास येतात पण सगळा चढ-उतार नि अरुंद गल्ल्या. आणि लोक अजून राहतात तिथे, छत्र्या घेऊन त्यांच्या दारात अडकायचं म्हणजे त्यांना पण ताप.

कारेलीबाग_कट्टा:
@नवापुरा_नाईट्स हो, सकाळी जागाल्ची मग पूर्व, हे चालशे. मात्र पहाटेची गाडी पकडली तरच, सोलहून अडीच तास तर धराच.

आणि धो-धो लागला तर ताई सरळ सेंटम सिटी. मेट्रोतूनच आत शिरता येतं, डोक्यावर एक थेंब नाही. तिथलं शिनसेगे म्हणजे २००९ मध्ये जगातलं सगळ्यात मोठं डिपार्टमेंट स्टोअर म्हणून गिनीजमध्ये गेलेलं, आत स्पा लँड पण आहे. हे स्पा म्हणजे आपल्याकडचं मालिशवालं नाही, जिमजिलबांग. गरम पाण्याचे हौद बायका-पुरुषांचे वेगवेगळे आणि तिथे अंगावर काहीच घालायचं नसतं, हे नवऱ्याला आधीच सांगून ठेवा, आमच्या ग्रुपमधला एक जण दारातूनच माघारी आला. नंतर मात्र त्यांनी दिलेले टी-शर्ट-चड्डी घालून गरम खोल्यांमध्ये दोघं एकत्र लोळू शकता. ओले झाल्यावर ह्याच्यासारखं सुख नाही.

मॅपसाठी नेव्हर नाहीतर काकाओ टाका, गूगलच्या भरवशावर गल्लीत शिरू नका.

मांडवीचा_म्हातारा:
मुलांनो, मॉल आणि स्पा ठीक आहे, पण एक जागा कोणीच बोललं नाही. यूएन मेमोरियल सिमेटरी. जगात संयुक्त राष्ट्रांची अशी एकच दफनभूमी आहे आणि ती बुसानला, १९५१ पासून. देयॉन स्टेशनहून चालत जाता येतं, तुमच्या त्याच हिरव्या लाइनवर, म्हणजे जाता जाता होते. त्या कोरियन युद्धात आपण लढणारी पलटण पाठवली नाही, डॉक्टर लोकांची पाठवली, ६० वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स, लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली. आणि युद्धाच्या काळात बराच वेळ राजधानी बुसानलाच होती, त्या माणसांच्या लोंढ्यातून ते गामचन झालं. पाऊस असला तरी काही बिघडत नाही, मोकळी हिरवळ आहे, छत्री घेऊन अर्धा तास चाला. हनिमूनवाल्यांना सांगू नये खरं तर.

दांडियाबाजार_वाली:
काका हनिमून नाही हो, ट्रिप 😅 आणि सांगितलंत ते बरं झालं, त्याला इतिहासाचं वेड आहे, आता हेच आधी म्हणेल.

तर मग असं करतोय: पहाटेची गाडी, लॉकर, जागाल्ची (मी बाहेर होत्तोक शोधेन), हिरवी लाइन, वाटेत देयॉन, मग हेउन्दे. देऊळ आणि ट्रेनमधलं पावसाप्रमाणे एक. शंभरावा मजला रद्द, त्याचं तोंड पडलंय. गामचन पण रद्द. रात्री ग्वांगाल्ली तरी ठेवू का?

नवापुरा_नाईट्स:
ठेवा ना, पुलाचे लाइट पावसात वाळूवर पण दिसतात, समोर कॅफेंची रांग आहे, काचेआड बसा. शनिवारी ड्रोन शो असतो पण पाऊस-वारा असला की रद्द करतात. तुमचा वार कुठला?

दांडियाबाजार_वाली:
मंगळवार. त्याला ड्रोनचं सांगतच नाही.