अंगणात चार महिने उभी राहणारी गाडी: काय काय करून जाऊ?

दौलतगंजवाली

नमस्कार मंडळी. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुण्याला भावाकडे करायचं ठरलंय. दिवाळी झाली की आम्ही दोघी निघू, परत यायला होळी उजाडेल. तोवर आमची वॅगन आर (पेट्रोल, २०१४ची) वाड्याच्या चौकात उघड्यावरच राहणार. निम्मी फरशी, निम्मी माती, वर कडुनिंब. ग्वाल्हेरचं पौषातलं धुकं सगळ्यांना माहीत आहेच, त्यात एखादा मावठा हमखास असतो.

पाटणकर बाजारातून मोठी निळी ताडपत्री आणून ठेवलीये. शेजारचे काका दर रविवारी पाच मिनिटं गाडी चालू करून ठेवीन म्हणालेत. एवढं पुरेल का? हँडब्रेक ओढून ठेवू की नको? बॅटरी काढायची का? विमा जानेवारीत संपतोय, त्याचं काय? आल्या आल्या आईला फिजिओथेरपीला न्यायला हीच गाडी लागणार आहे, त्यामुळे तेव्हा कुरकुर नकोय.

मुरारचे सुभेदार

ताई, फौजेत माझी सगळी नोकरी ईएमईत, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत झाली, लेहलाही होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिकडचा हिवाळा वेगळा. साध्या डिझेलमधलं मेण थंडीत सुटतं आणि फिल्टर बंद पडतो. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी वजा ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं ते त्यासाठीच. उतरलेल्या बॅटरीतलं पाणी गोठून खोकं तडकतं. आपल्याकडे पाला, म्हणजे गोठलेलं दंव, पडला तरी तिथवर गोष्ट जात नाही. इथे गाडीला थंडी मारत नाही, ओल मारते आणि नुसतं उभं राहणं मारतं. सगळी तयारी त्या हिशेबाने करा.

पहिली गोष्ट, काकांना रविवारचं काम देऊ नका. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. गाडी अर्धा तास रस्त्यावर धावली तर सायलेन्सर तापतो आणि ती वाफ निघून जाते. पाच मिनिटं जागेवर घरघर केली तर ते पाणी सायलेन्सरमध्येच साचतं, थोडं इंजिन ऑइलमध्येही उतरतं. वर सेल्फ मारताना बॅटरीतून जे जातं, तेही तेवढ्यात भरून येत नाही. काकांकडे लायसन्स असेल आणि गाडी किल्ल्याखालून उरवाई गेटकडे वगैरे नीट फिरवून आणणार असतील तर उत्तम. नाहीतर गाडीला हातच लावू नये.

मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढलीच पाहिजे. गाडी बंद असतानाही घड्याळ, लॉक, कॉम्प्युटर थोडा थोडा करंट खातात. ३० मिलिअँपिअर धरा, म्हणजे दिवसाला पाऊण अँपिअर-अवरला जरा कमी. तुमची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी दीड महिन्यात पार उतरेल, आणि सेल्फ तर त्याच्या बराच आधी उचलणं सोडेल. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं, नंतर चार्ज केली तरी दम राहत नाही. जाण्याआधी पूर्ण चार्ज करून घ्या, मीटरवर १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत. दहा नंबरचा पाना घ्या, निगेटिव्ह सोडवा आणि टोकाला कापड गुंडाळून बाजूला वळवून ठेवा. एक ध्यानात असू द्या: तार काढली की सेंट्रल लॉक चालणार नाही. डिकी आणि दारं आधी लावा, ड्रायव्हरचं दार शेवटी किल्लीने.

हँडब्रेक अजिबात नको. ओलीत ब्रेक-शू ड्रमला असे चिकटतात की मार्चमध्ये चाक फिरत नाही, मग हातोडा घेऊन ड्रम ठोकत बसावं लागतं. पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. चारही चाकं फरशीवर घ्या, माती खालून ओल सोडत राहते. हवा कंपनी सांगते त्यापेक्षा चार-पाच पीएसआय जास्त भरा, म्हणजे टायर एका जागी बसणार नाहीत.

टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं. टाकीत मोकळी जागा जितकी कमी, तितकी ओल कमी. ऑइल बदलायला आलं असेल तर आल्यावर नको, जाण्याआधीच बदला. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल साठलेलं असतं, ते चार महिने बेअरिंगवर बसून राहतं.

आणि ती ताडपत्री गाडीवर गुंडाळू नका. आतली ओल अडकते, वाऱ्याने फडफडून रंग घासला जातो. कडुनिंबाची फांदी आणि गॅलरीचा कठडा यांना दोरीने बांधून गाडीच्या वर हातभर उंच मांडव करा. पक्ष्यांची घाण आणि पानं त्यावर पडतील, खालून हवा खेळेल. गाडीला हवा लागू देणारं कापडी कव्हर घाला, तेही धुऊन पुसून, दोन तास उन्हात उभी केल्यानंतर.

शिंदे की छावणी

सुभेदारसाहेबांनी उंदरांचं लिहिलं नाही, आणि जुन्या वाड्यात खरा त्रास तोच. गेल्या हिवाळ्यात आमच्या दिरांची गाडी अशीच उभी होती. एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत शेंगांची टरफलं, गोधडीच्या चिंध्या, कापूस, अगदी बाळंतिणीची खोली! फिल्टर कुरतडलेला आणि इंजेक्टरच्या दोन तारा तांब्यापर्यंत सोललेल्या. वायरिंगवाल्याने अख्खा दिवस घेतला.

ताई, सायलेन्सरच्या तोंडाला आणि हवा आत जाते त्या नळीला बारीक लोखंडी जाळी तारेने घट्ट बांधा. कापडाचा बोळा नको, उंदीर तोच ओढून नेतात. जाळी बांधलीये अशी चिठ्ठी स्टिअरिंगला लावा, नाहीतर मार्चमध्ये तशीच चालू कराल. डांबरगोळ्या पुरचुंडीत बांधून बॉनेटखाली ठेवा, गाडीच्या आत नको, तो वास आईंना सहन होणार नाही. आत बिस्किटाचा चुरा, जुनी वर्तमानपत्रं, प्रसादाचा पुडा काही ठेवू नका. काकांना म्हणावं, आठवड्यातून एकदा फक्त बॉनेट उचलून बघा.

दौलतगंजवाली

काकांना स्कूटर येते, गाडी नाही. म्हणजे बॉनेट बघायचंच काम त्यांना देते. मांडवाची कल्पना फारच आवडली, फांदी नेमकी तशी आहे. विमा न भरता तसाच राहू द्यावा का? गाडी तर हलणारच नाही.

हुजरात पूल

न भरता राहू देऊ नका. उभ्या गाडीवर झाड पडू शकतं, चोरी होऊ शकते, ते सगळं पॉलिसी चालू असेल तरच मिळतं. शिवाय मुदत संपून ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची सूट) जातो, आणि जानेवारी ते होळी यात ते दिवस सरत येतात. पुण्यातून ऑनलाइन भरा, पाच मिनिटांचं काम आहे. मुदत संपण्याआधी भरलं तर इन्स्पेक्शनही लागत नाही. पीयूसीची तारीख मात्र आल्यावर बघा, ते गाडी नेल्याशिवाय होत नाही.

दौलतगंजवाली

आजच आठवण लावून ठेवते. आल्यावर आधी काय करू?

मुरारचे सुभेदार

जाळ्या काढा, मग गाडीखाली वाकून फरशीवर तेलाचा किंवा कूलंटचा डाग आहे का बघा. ऑइलची काडी, कूलंटची पातळी, टायरची हवा. निगेटिव्ह तार जोडा आणि चालू करा. ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. चौकातल्या चौकात दोन-तीनदा हळू ब्रेक दाबून बघा, सुरुवातीला खरखर येईल, तो गंज आहे, निघून जातो. मग अर्धा तास फिरवून आणा. हे आईंना गाडीत बसवायच्या आदल्या दिवशी करा, त्याच सकाळी नको.