प्रतिसाद: आगीनंतर काँक्रीट

आगीत सापडलेल्या घराबद्दल एका पोस्टमध्ये म्हटलंय की काँक्रीट जळत नाही, मग आग विझल्यावर नवीन प्लास्टर मारलं की झालं. असं अजिबात करू नका, प्लीज. जळत नाही हे खरंय पण आतून कमजोर होतं. साधारण ३०० डिग्री सेल्सिअसपर्यंत फारसं बिघडत नाही, पुढे ४००-५०० ला सिमेंटमधला कॅल्शियम हायड्रॉक्साइड फुटून कळीचा चुना होतो, ५७३ ला वाळूतलं क्वार्ट्झ एकदम फुगतं आणि ६०० च्या आसपास निम्मी ताकद गेलेली असते, आणि थंड झाल्यावर ती परत येत नाही, उलट त्या चुन्याला पाणी लागलं की तो फुगून अजून तडे जातात.

जळका भाग थोडा फोडून रंग बघा. गुलाबीसर झाक दिसली तर तो थर बहुतेक ३०० च्या वर गेलाय (सगळ्याच खडीत दिसते असं नाही, म्हणून रंग नाही दिसला तरी निर्धास्त राहू नका). हातोडीने ठोकलं आणि खणखणीत न वाजता बद्द आवाज आला तर आत पापुद्रा सुटलाय. कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) उडून सळई उघडी पडली असेल तर स्लॅबला आधी टेकू लावा, मग स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून कोअर टेस्ट (काँक्रीटचा गोल तुकडा कापून काढून त्याची ताकद तपासणं) करून घ्या, प्लास्टरचं नंतर बघू.